पाचवारीला कासोटा नसतो

मायाक्का,

हे पत्र तुला वाचता येणार नाही. सात महिने तू माझ्या वर्गात पाटी घेऊन बसलीस आणि 'म'च्या पुढे सरकली नाहीस. आपल्या नावाचं पहिलं अक्षर आलं, आता पुरे, असं तुझं मत होतं. "अक्षर ऱ्हाऊ द्या बाई, माजं नाव हजेरीत चढवा," म्हणायचीस, आणि मी तुला दटावायची. आज तू हयात असण्याचा संभव नाही. असलीस तरी तुझा पत्ता मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असता तरी पत्र वाचून दाखवायला तुला दुसरं कोणी शोधावं लागलं असतं, म्हणजे झालं तेवढं पुरे नाही म्हणून आणखी एक तोंड.

माझ्या भाचीनं परवा सुचवलं, की मावशी, सोलापूरच्या दिवसांवर काहीतरी लिही, छान छान आठवणी असतील. छान आठवणी ज्याला त्याला असतात. मी हत्तीधारेची लिहिते. तुला ठाऊक आहे तेच तुला सांगण्यात अर्थ नाही, म्हणून मधला भाग इतरांसाठी आहे. तेवढा वेळ तू बाजूला बस. वर्गात बसायचीस तशी, भिंतीला टेकून, पाय पसरून.

तर मायाक्का ही सांगोल्याकडची धनगरीण. काळी, उंच, हाडापेरानं दणकट, आणि जिभेला हाड नाही. नवरा हरिबा मेंढरं घेऊन खाली घाटाकडे गेला, तो मृगाआधी परत यायचा, तो आला नाही. पुढच्या मृगालाही आला नाही. मेला की तिकडेच दुसरा घरोबा केला, हे शोधायला कोणी गेलं नाही. गावातल्या बायका विचारू लागल्या, कुंकू पुसायचं की ठेवायचं. ती म्हणाली, "सांगावा यील तवा पुसू की. कुकवाची पुडी भरलेली हाय, ती तर सपू द्या." उरलेली मेंढरं दुष्काळात गेली, आणि ती मुलीला काखोटीला मारून सोलापुरात दिराकडे आली.

दीर जोतीराम गिरणीत कायमचा कामगार होता. त्याला चाळीत एक खोली होती. खोलीपुढच्या पडवीत मायाक्का आणि तिची गोजा राहायच्या. वहिनीला सांभाळणं हा तो उपकार समजत असे आणि रोज जेवताना बोलूनही दाखवत असे. मी ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी गोजाला दहावं लागलं होतं, आणि जोतीरामानं तिच्यासाठी एक बिजवर पाहून ठेवला होता, चाळिशी उलटलेला, मेंढरांचा मालक. मुलीच्या बदल्यात काही मेंढरं जोतीरामाच्या भावकीत यायची होती. सारडा कायदा झालेला होता, पण तो इंग्रजी मुलखात. हद्द ओलांडून संस्थानात गेलं की अक्षता टाकायला कोणी अडवत नसे.

मायाक्का गिरणीत 'बदली' होती. रोज पहाटे भोंग्याच्या वेळी दरवाज्याशी जाऊन उभं राहायचं, कायमची बाई गैरहजर असली तर तिच्या जागी आत, नाहीतर घरी. रिळखात्यातल्या बायकांवर कस्तुराबाई नावाची नायकीण होती. कोणाला आत घ्यायचं हे तिच्या मर्जीवर, आणि कोणाला कायम करायचं हे वरच्या साहेबांच्या. कायम झालेल्या बाईला चाळीत स्वतःची खोली मिळे. खोली मिळाली की दिराचं छप्पर सुटलं, आणि छप्पर सुटलं की गोजावरची त्याची सत्ताही सुटली. मायाक्काला आयुष्यात एवढंच हवं होतं. माझ्या वर्गाला ती आली तीही ह्याच हिशेबानं. साहेबांच्या बायकोच्या मंडळाचा वर्ग, तिथे तोंड दिसलेलं बरं.

साहेबांची बायको म्हणजे कमलिनीबाई. गिरणीतल्या दुय्यम मॅनेजरांची पत्नी, माहेर मुंबईचं, वय माझ्याएवढंच, पंचविशीच्या आत. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. सोलापुरात मी पाहिलेली पहिली पाचवारी त्यांच्या अंगावर. आम्ही बाकीच्या सगळ्या नऊवारीत, मीसुद्धा, पुण्याहून बी. ए. होऊन आले होते, पण शाळेच्या मुख्याध्यापिकांना गोल नेसलेली मास्तरीण चालत नव्हती. कमलिनीबाईंचा मला हेवा वाटायचा. त्या वाईट नव्हत्या. कोणी आपल्याकडे पाहून हसेल ही शक्यता त्यांना लहानपणापासून कोणी शिकवलीच नव्हती, इतकंच.

चौतीस सालच्या श्रावणात मंडळाची सहल निघाली, हत्तीधारेला. हैदराबादच्या रस्त्यानं मोगलाईत शिरायचं, मग कच्च्या वाटेनं बालाघाटाच्या कडेपर्यंत. हत्तीधार म्हणजे कड्यावरून एकच उडी घेणारा धबधबा नव्हे. काळ्या दगडाचे सात टप्पे, कुठे कमरेएवढे, कुठे पुरुषभर उंच. पाणी एकावरून दुसऱ्यावर उतरत यायचं आणि माणसं त्या पाण्यातूनच वर चढायची. सातव्या टप्प्यावर महादेवाची पिंड. श्रावणातल्या रविवारी तिथे जत्राच लोटायची. चढणारे थोडे, बघणारे फार. तळाशी भज्यांच्या कढया, आणि कढयांमागे बसून लोक चढणारा कधी घसरतो ह्याची वाट पाहायचे. घसरला की टाळ्या. सोलापूरचे वकील, व्यापारी, कॉलेजातली मुलं, सगळे त्यासाठी यायचे. आपण फार सुधारलेले, असं समजून आम्हीही गेलो.

मायाक्काला मी डबे वाहायला म्हणून घेतलं. खरं कारण तिला आधीच सांगितलं होतं. कमलिनीबाईंच्या जवळपास राहा, चढताना मदत कर, त्यांच्या नजरेत भर. परतीच्या वाटेवर मी तुझ्याबद्दल शब्द टाकते. दसऱ्याला रिळखात्यात जागा निघणार होत्या. ती धुतलेलं लुगडं नेसून आली. गोजाला घरी ठेवून आली होती, शेजारणीला बजावून, की मी येईपर्यंत पोरीला जोतीरामाबरोबर कुठंही पाठवू नको. असं बजावण्याची वेळ आली होती.

भाड्याच्या मोटारीत आम्ही दहाबारा जणी. कमलिनीबाई पुढे ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, मी शेवटी, आणि माझ्या पायाशी डब्यांच्या टोपल्या घेऊन मायाक्का. नाक्यावर मोटार थांबली तेव्हा कमलिनीबाई उतरून उभ्या राहिल्या. मोतिया रंगाची तलम पाचवारी, वारा सुटलेला. मायाक्का बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "बाई, ही नेसलीया का गुंडाळलीया?"

मी म्हटलं, नेसल्या आहेत, त्याला पाचवारी म्हणतात, त्याला मागे कासोटा नसतो.

"मग ऱ्हातंय कशावर?"

मी म्हटलं, निऱ्यांवर.

"म्हंजी देवाच्या भरवशावर," मायाक्का म्हणाली. "टोक धरून वढलं तर भवऱ्यावानी गरागरा फिरंल की ही."

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणि पुढे जे केलं ते असं. धबधब्याच्या तळाशी सतरंजी अंथरून फराळाला बसलो तेव्हा तो विनोद मी सगळ्यांना ऐकवला. मायाक्काच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट. कमलिनीबाईंच्या समोर. अस्सल गावरान विनोद म्हणून ऐकवला, कौतुकानं. कॉलेजात असल्या गोष्टींचं कौतुक करायला शिकवतात. सगळ्या हसल्या. कमलिनीबाईही हसल्या, इतरांपेक्षा जरा उशिरा. मग त्यांनी विचारलं, "कोण ती? ती टोपलीवाली का?"

मी मायाक्का दाखवली. मनात म्हटलं, बरं झालं, ओळख झाली.

चढायला आम्ही चौघीच उठलो, बाकीच्या भजी खात राहिल्या. त्यांतलीही एक पहिल्या टप्प्यावरून माघारी गेली. वर नेणारा पीरसाब म्हणून एक गावकरी होता, पांढरी दाढी, पायांत काही नाही. दगडाला शेवाळ असायचं, म्हणून तो प्रत्येकाच्या तळपायाला सुतळीचे वेढे घालायचा; सुतळी दगड धरते. मी घालून घेतले, मायाक्कानं हसून नको म्हटलं, कमलिनीबाईंनीही नको म्हटलं, त्यांच्या पायांत मुंबईचे कॅनव्हासचे बूट होते. पीरसाबानं बूट पाहिले, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमारी मर्जी अम्मा. पन हात नक्को छोडो."

पहिल्या दोन टप्प्यांवर मी पुढे होते आणि मायाक्का माझ्या मागे. दुसऱ्यावर माझा पाय गेला. किंचाळायलाही वेळ मिळाला नाही. मागून एक हिसका बसला आणि मी मांजराच्या पिलासारखी हवेत लोंबकळून पुन्हा दगडावर उभी. मायाक्कानं मला कासोट्याला धरलं होतं.

"हात कदी धरू नये बाई," ती म्हणाली. "हात वला झाला की सुटतो. कासोटा सुटत न्हाय."

हे तिला सासूनं शिकवलेलं. माणनदी वर्षभर कोरडी, पण वर कुठे पाऊस झाला की घटकेत लोंढा येतो, आणि धनगरांना मेंढरं घेऊन पलीकडे जावंच लागतं. मग बायका एकीमागे एक अशा पाण्यात शिरतात, प्रत्येकीची मूठ पुढचीच्या कासोट्यात. डोक्यावर बोचकं, काखेत कोकरू, दुसरा हात मोकळा राहतच नाही. एकदा सासूच वाहून निघाली होती, तिला मायाक्कानं तशीच कासोट्याला धरून काठापर्यंत ओढत आणली. आणि म्हातारीनं काठावर आल्यावर पहिली शिवी दिली ती लुगडं फाटलं म्हणून. हे ती मला तिसरा टप्पा चढेपर्यंत सांगत होती, पाण्याच्या आवाजावर ओरडून.

तिसऱ्या टप्प्यावर कमलिनीबाईंना पुढे जायचं होतं. अध्यक्ष त्या होत्या. मी बाजूला झाले, आणि मायाक्काच्या पाठीला हात लावून तिला त्यांच्या मागे ढकललं. म्हटलं, जा, हीच वेळ आहे. आता क्रम असा झाला: पीरसाब, कमलिनीबाई, मायाक्का, मी.

पीरसाबानं हात पुढे केला. कमलिनीबाईंनी तो धरला नाही. परका पुरुष, त्यातून तो असा. त्याच्या खांद्यावरच्या रुमालाचं टोक मात्र त्यांनी धरलं. त्याला ह्याची सवय असावी.

पाचव्या टप्प्याच्या डाव्या अंगाला डोह आहे. वरून दिसत नाही, पाण्याचा फेस असतो. दोन पुरुष खोल, आणि आत कपारी आहेत. पीरसाबानं सांगितलं होतं, उजवीकडून या. कमलिनीबाई उजवीकडूनच येत होत्या. बूट डावीकडे गेला. मी हे पाहिलं. मी हातभर मागे होते आणि त्यांच्या पायांकडेच बघत होते, कारण त्यांच्या पायांच्या जागी मला पाय ठेवायचा होता. उजवा बूट शेवाळावरून सरकला, डावा गुडघा वाकला, हातातलं रुमालाचं टोक सुटलं, आणि सगळी बाई डोहाच्या बाजूला कलली.

मायाक्काचा हात गेला तो कमरेच्या मागे, जिथे कासोटा असतो तिथे.

तिथे काही नव्हतं. हाताला जे लागलं ते तिनं मुठीत धरलं आणि हिसका दिला, माणनदीत द्यायची तसा. कमलिनीबाई गरकन फिरल्या. एक वेढा, दोन वेढे. डोहाकडे गेलेलं अंग त्या फिरण्यानं दगडाकडे आलं, आणि त्या मायाक्काच्या छातीवर येऊन आदळल्या. पाचवारी मायाक्काच्या हातात. तीही पाण्यानं ओढून नेली. पाची टप्पे ती मोतिया साडी आरामात उतरत गेली, आणि तळाशी वकिलांच्या कंपूतल्या कोणीतरी ती काठीनं बाहेर काढून निशाणासारखी उंच धरली.

पाचव्या टप्प्यावर, उभ्या जत्रेच्या समोर, कमलिनीबाई लेसच्या परकर-पोलक्यात, नखशिखांत भिजलेल्या.

खालून शिट्टी आली. मग टाळ्या. मग एकदम दोनशे माणसांचं हसणं.

त्यांच्या आधी मी हसले होते. भवऱ्यावानी गरागरा, असं ती म्हणाली होती, आणि अगदी तसंच झालं होतं. हसू तोंडातून सुटलं. मोठ्यानं सुटलं. कमलिनीबाईंच्या कानापासून दोन हातांवर. त्यांचं तोंड मायाक्काच्या खांद्यात होतं, त्यांना मी दिसत नव्हते. त्यांना एवढंच कळलं, की आपल्याला नागवं करणारी बाई आपल्या कानाशी हसते आहे.

मायाक्का हसत नव्हती. ती आपला पदर सोडून त्यांच्याभोवती गुंडाळत होती. एकाच लुगड्यात दोघी, अशा त्या पाची टप्पे उतरल्या, पीरसाब पुढे, तोंड दुसरीकडे करून. लोकांना आणखीच मजा आली. कोणीतरी ओरडलं, एका दावणीला दोन म्हशी.

खाली आल्यावर कमलिनीबाईंचं पहिलं वाक्य होतं, "हिला माझ्यापासून लांब करा." दुसरं वाक्य सोलापूर येईपर्यंत नाही. पीरसाब आमच्या बायकांना सांगत होता, "ये नै होती तो अम्मा डोहमें जाती. तीन बरसमें चार गये उधर." पण त्याला आपला इनाम बुडेल ही भीती आहे असं सगळ्यांनी धरलं, आणि त्याच्या हातावर काहीतरी ठेवून त्याला गप्प केलं.

परतीच्या वाटेवर मी शब्द टाकणार होते. टाकला नाही. मोटारीत कोण बोलणार होतं. मायाक्का टोपल्यांपाशी बसली होती, लुगडं निथळत होतं, दातावर दात वाजत होते. एकदाच माझ्याकडे वाकून तिनं विचारलं, "डोह लई खोल व्हता का वो?" मी हो म्हणून मान हलवली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. ती समजत होती की आपण साहेबांच्या बायकोचा जीव वाचवला, आता दसऱ्याची वाट बघायचीही गरज नाही.

सोमवारी भोंग्याला ती दरवाज्याशी उभी राहिली. कस्तुराबाईनं तिचा बदलीचा बिल्ला काढून घेतला, आणि उद्यापासून ह्या दरवाज्याशी दिसू नको म्हणून सांगितलं. मायाक्कानं कारण विचारलं. कस्तुराबाई म्हणाली, "बाईसाहेबाचं लुगडं फेडतीस, वर खिदळतीस, आन् कारन इचारतीस? मोटारीत आदीच बोलली हुतीस म्हनं, टोक धरून वढते म्हनून. समद्यांनी ऐकलंय."

समद्यांनी ऐकलं होतं ते माझ्या तोंडून.

त्या संध्याकाळी ती वर्गाला आली. पाटी आणली नव्हती. बायका जाईपर्यंत दाराशी बसून राहिली. मग आत आली, आणि उभ्यानंच बोलली. रडणं वगैरे तिला येत नसे.

"बाई, तुमी पाठीमागं व्हता. पाय घसरल्याला तुमी बघितला."

मी म्हटलं, हो.

"आन् हसलं कोन, ते तुमाला ठावं हाय."

मी पाट्या गोळा करू लागले.

"ते नगा सांगू," मायाक्का म्हणाली. "माजं काय म्हननं न्हाय त्येच्याबद्दल. मानूस हसतंय. येवढंच सांगा बाईसाहेबाला, की पाय घसरला व्हता आन् म्या धरलं. मुद्दाम न्हाय. तुमचं ऐकत्याल."

मी म्हटलं, गुरुवारी मंडळाच्या कामानं मला बंगल्यावर जायचंच आहे, तेव्हा सांगते. तिनं विचारलं, मी येऊ का बरोबर, बोलावलं तर लगेच आत यायला बरं. मी म्हटलं, ये.

गुरुवारी ती माझ्या आधी येऊन बंगल्याच्या फाटकाशी उभी होती. मी आत गेले. कमलिनीबाईंनी चहा मागवला. त्यांचं तोंड उतरलेलं होतं. क्लबात कोणीतरी साहेबांना त्या वकिलांकडून ऐकलेला किस्सा सांगितला होता. त्या आपणहून म्हणाल्या, की मला साडीचं काही नाही, माणसं काय, आज हसतील, उद्या विसरतील. पण त्या बाईचं ते हसणं माझ्या कानातून जात नाही, इतकं नीच हसणं मी आयुष्यात ऐकलं नाही. "तुम्ही तर मागेच होता. तुम्ही ऐकलं असेल."

मी म्हटलं, पाण्याचा आवाज फार होता.

आता इथे एक वाक्य बोलायचं होतं. तिनं मला वाटही काढून दिली होती, की हसण्याचं सांगू नको. पण पाय घसरलेला मी पाहिला म्हटलं, की मी किती जवळ होते ते आलं; जवळ होते म्हटलं, की हसणं कोणाचं ते आलं. निदान तेव्हा मला तसं वाटलं. कमलिनीबाई इतका पुढचा विचार करणाऱ्या नव्हत्या हे आता कळतं. आम्ही शिवणयंत्राबद्दल बोललो. मंडळाला एक यंत्र द्यायचं त्यांनी कबूल केलं.

बाहेर आले तर मायाक्का फाटक धरून उभी. मी सांगितलं, आज त्यांचं डोकं दुखतंय, पुढच्या गुरुवारी.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. मी दर वेळी आत जात होते आणि दर वेळी काही ना काही सांगत होते: पाहुणे आहेत, साहेब घरी आहेत, आज मूड नाही. चौथ्या गुरुवारी ती म्हणाली, जोतीराम बैलगाडी ठरवतोय, जरा घाई करा. मी म्हटलं, करते.

पाचव्या गुरुवारी ती फाटकाशी नव्हती. वर्गातल्या बायकांकडून कळलं, की चातुर्मास संपायचीही वाट न बघता गोजाचं लग्न हद्दीपलीकडे उरकलं. मायाक्कानं गाडी अडवली तेव्हा जोतीरामानं भर चाळीत विचारलं, की तुझी खोली कुठंय, दाखव, तिथं नेऊन ठेव पोरीला. ती बाजूला झाली. गोजा गाडीतून आईकडे बघत होती म्हणे.

मला तिचा राग आला होता, तेव्हा. ती बाजूला झाली म्हणून. माणसाला कोणावर तरी रागवावं लागतं.

पुढे ती कुठे कुठे होती ते तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. जुन्या चिंध्या निवडायच्या वखारीत काही दिवस, तिथे खोकला लागला. मग कुंभारीकडे कोणाच्या शेतावर. चार वर्षांनी, अडतीस साली, मंगळवारच्या बाजारात ती मला दिसली. घोंगड्या विकत बसली होती. केस पिकले होते, कुंकू होतं. मी पुढे निघून जाणार होते, पण तिनं हाक मारली, "ओ मास्तरीनबाई, घोंगडी घ्या की. कासोट्यावानी हाय, सुटत न्हाय." आणि स्वतःच हसली.

मी गोजाची चौकशी केली.

"हाय," ती म्हणाली. "मेंढरं राखती. एक लेकरू झालंय. माज्याशी बोलत न्हाय. म्हनती, तू मला इकलंस."

आता इतरांना सांगायचं ते संपलं. तू पुढे ये, मायाक्का.

मी घोंगडी घेतली, तू ती घडी करून दिलीस, आणि खाली मान घालूनच विचारलंस, "बंगल्यावर ग्येलता का?" चार वर्षांनी. मी म्हटलं, नाही जमलं. तू म्हणालीस, "नोकरी न्हाय मागत आता. पोरगी ग्येली, खोली घिऊन काय करू. पर तेवढं सांगा की त्या बाईला. म्या मुद्दाम न्हाय केलं. ती म्हनत असंल, मायाक्कानं मला नागवं केलं. तसं नगं."

मी हो म्हटलं.

पुढे कमलिनीबाईंच्या यजमानांनी सोलापूर सोडलं, त्या मुंबईला गेल्या. आमची दिवाळीची पत्रं चालू राहिली. मी पुण्याला आले, मुख्याध्यापिका झाले, निवृत्त झाले. वर्षादोन वर्षांनी मुंबईला गेले की त्यांच्याकडे एक दुपार ठरलेली. पन्नास वर्षांत किती दुपारी झाल्या असतील, मोजल्या नाहीत. गेल्या वर्षीच्या दुपारी त्यांची नातवंडं जमली होती, आणि त्या हत्तीधारेचा किस्सा सांगत होत्या. आता त्यांना तो गमतीचा वाटायला लागला होता. एका गिरणीतल्या बाईनं पैज मारून आजीची साडी कशी फेडली, आणि वर कशी फिदीफिदी हसली. पैज कुठून आली कोण जाणे. पन्नास वर्षांत गोष्टीला पाय फुटतात. मुलं लोळत होती. कमलिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "विचारा ह्यांना. ह्या अगदी माझ्या मागेच होत्या. हो की नाही हो?"

मी म्हटलं, चहा निवतोय तुमचा.

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. निरोप सांगायचा राहिला.